कॅमेरा डोळ्याला लावायचा असतो

८ जानेवारी

शाळेतून मुख्याध्यापिकांचा फोन आला. यंदाचे वर्गांचे ग्रुप फोटोही बाबांनीच काढावेत असं त्यांचं म्हणणं, पण या वेळी डिजिटल हवेत. त्याच दिवशी कॉम्प्युटरवर दिसायला हवेत, पालक विचारतात म्हणे. मी हो म्हणून टाकलं. बाबांना विचारायच्या आधी हो म्हणायला नको होतं. पण मला भीती वाटली की एक क्षण गप्प राहिले तर त्या म्हणतील, राहू द्या मग.

बाबांचा स्टुडिओ कधीच गेला. तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. रोल धुणारी शेवटची लॅबही गेल्या वर्षी बंद पडली. बाबांचं म्हणून या जगात हे एवढं एक काम उरलंय: वर्षातून एकदा शाळेच्या पायऱ्यांसमोर उभं राहून "दुसरी ओळ, डावीकडून तिसरा, हनुवटी वर" असं ओरडणं. आई दर वर्षी बरोबर जायची, मुलांना रांगेत उभं करायला. गेल्या वर्षीचे फोटो झाले आणि पुढच्याच महिन्यात ती गेली. यंदा पहिल्यांदाच तिच्याशिवाय.

हे काम गेलं तर बाबा खिडकीजवळच्या खुर्चीतून उठायचे नाहीत. मी त्यांना ओळखते.

संध्याकाळी सांगितलं. "नवा कॅमेरा घ्यावा लागेल, बाबा."

"मोठा, एसएलआर घेऊ," ते लगेच म्हणाले. उत्तर तयारच होतं.

"छोटेही चांगले असतात हल्ली. बघू तरी."

"बघ तू," असं म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. हे हल्ली नेहमीचं झालंय. माझ्याशी बोलताना त्यांची नजर माझ्या कानाच्या बाजूला कुठेतरी मागच्या भिंतीवर असते. आई गेल्यावर मी त्यांना त्यांचं घर सोडून इथे यायला लावलं, त्याचाच हा राग. तोंडाने एक अक्षर बोलत नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

११ जानेवारी

प्रयोगशाळेत आज गढूळ पाण्याचे नमुने होते. त्यातला गाळ खाली बसेपर्यंत कॅमेऱ्यांचा तक्ता केला. वजन, लेन्स, मागचा पडदा, बटणं, किती लवकर सुरू होतो, व्हिडिओ होतो का. प्रत्येक गुणाला गुण दिले. शेजारच्या टेबलावरच्या घड्याळबाई (पाचच्या ठोक्याला पर्स उचलतात म्हणून हे नाव) डोकावल्या.

"नवरा निवडतेस की काय?"

"कॅमेरा."

"मग एवढं काय. नवऱ्यासारखा नाही तो, परत करता येतो."

तक्त्यात छोटा कॅमेरा सरळ पुढे आहे. बाबांचा हात थरथरतो, आणि हा मुठीत मावतो. मागचा पडदा मोठा आणि लख्ख, त्यांच्या वयाला सोयीचा. व्हिडिओही होतो, जो तक्त्यातल्या एसएलआरवर होत नाही. एसएलआर म्हणजे जड लोढणं, आणि ज्या करामतींसाठी तो घ्यायचा त्या ग्रुप फोटोला लागतच नाहीत.

मी पुन्हा पुन्हा स्वतःला विचारलं, छोटा स्वस्त आहे म्हणून तर मी त्याला जास्त गुण देत नाही ना? नाही. धाकट्या भावाने फोनवर सांगितलंच होतं, "ताई, मोठा घे, पैसे मी पाठवतो." मग त्याला नाही म्हणायला मिळावं म्हणून? हे उत्तर मला तितक्या खात्रीने देता येत नाही.

१५ जानेवारी

बाबांना घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने एसएलआर हातात दिला आणि बाबा बदलले. खांदे सरळ झाले. डावा डोळा मिटला, कॅमेरा उजव्याला लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांचा चेहरा इतका शांत मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. मग तेच जुने स्टुडिओतले साहेब बोलले, "भाऊ, कॉलर सरळ करा."

दुकानदाराने गोल गळ्याचा बनियनसारखा टी-शर्ट घातला होता. तो खो-खो हसला. "काय आजोबा, माझी फिरकी घेताय?" मीही हसले. बाबाही हसले, सगळ्यांनंतर.

मग छोटा कॅमेरा दिला. त्यांनी तो हात लांब करून धरला, जवळ आणला, मान वाकडी केली. पुन्हा लांब नेला.

"हा डोळ्याला कुठे लावायचा?"

"लावायचा नाही, आजोबा. मागे पडद्यावर बघायचं."

"कॅमेरा डोळ्याला लावायचा असतो," बाबा म्हणाले. "हा तर आरशासारखा धरायचाय. मी त्यांचं तोंड बघायचं की त्यांनी माझं?"

"बाबा, त्यात काय एवढं? सगळे असेच काढतात हल्ली."

"सगळे काढोत."

हा अहंकार आहे. स्पष्टच लिहिते. चाळीस वर्षं काळ्या मोठ्या कॅमेऱ्यामागे तोंड लपवून लोकांना हुकूम सोडले, आता खेळण्यासारखा डबा हातात धरायची लाज वाटते. मला त्यांची कीव आली आणि कीव आल्याचं वाईटही वाटलं. आम्ही काही न घेता परतलो.

१६ जानेवारी

चहा ओतताना बाबांनी कपाच्या कडेला आतून बोट लावलं. मी ओरडले. दिवसभर पाण्यातले जंतू मोजणाऱ्या माणसासमोर हे! "बोट धुतलंय मी," म्हणाले. कप तसाच ठेवून उठून गेले.

मी वाईट मुलगी आहे असं नाही. मी थकलेली आहे. पण त्या दोन्हीतला फरक समोरच्याला कसा कळणार?

२० जानेवारी

छोटा घेतला. ऑफिसातून येताना एकटीच जाऊन आणला. बाबांना म्हटलं, "मी ठरवलं."

"ठरव. तुझ्या प्रयोगशाळेत सगळं मोजून होतं."

"तुमच्यासाठीच मोजलं ना?"

"हो. माझ्यासाठीच." त्यांनी खोका हातात घेतला, चारही कोपऱ्यांवरून हात फिरवला आणि मांडीवर ठेवला.

रात्री मनात येत राहिलं: जो माणूस चाळीस वर्षं कॅमेऱ्यावर जगला, त्याला कॅमेरा कुठला हवा हे मी एका तक्त्यावरून ठरवलं. पण तक्ता चुकीचा नव्हता. पुन्हा तपासला. खरंच नव्हता.

२६ जानेवारी

शिकवणी. वरची चकती फिरवली की प्रकार बदलतात: ऑटो, फूल, माणूस, डोंगर, व्हिडिओ. ग्रुप फोटोला फक्त ऑटो. किती सोपं. तरी बाबा विचारत राहिले, "ऑटो कुठलं?"

"लिहिलंय ना तिथे, बाबा. बघा ना."

"हो, हो. दिसतंय."

दिसतंय म्हणतात आणि चकती भलतीकडे फिरवतात. तिसऱ्या वेळी माझा आवाज चढला. मी म्हटलं, "तुम्हाला शिकायचंच नाहीये." त्यावर ते माझ्या कानाजवळच्या भिंतीला म्हणाले, "पोरी, मला वेळ दे. मी हाताने शिकतो."

डोळे तपासून घेऊ म्हटलं, तर चष्म्याचा नंबर बदललाय एवढंच आहे, म्हणाले. दोनदा वेळ ठरवली, दोन्ही वेळा पोट बिघडलं. माणूस म्हातारपणी लहान मुलासारखा होतो ते हेच.

२ फेब्रुवारी

कबूल करायला हवं, प्रयत्न चाललाय त्यांचा. रेडिओ लावून खुर्चीत बसतात, कॅमेरा मांडीवर, आणि अंगठ्याने चकती फिरवत राहतात. कर्रकर्र. कर्रकर्र. बघतही नाहीत तिकडे.

"शाळेच्या पायऱ्या तशाच आहेत ना गं? मध्ये बांधकाम वगैरे?"

"मला कसं माहीत असणार?"

"तशाच असतील. झाडाकडे पाठ केली की समोर तिसरी पायरी. ती जागा पाठ आहे मला."

मी म्हटलं, मी सुट्टी काढून बरोबर येते. नको म्हणाले. "तू आलीस की मुलांना वाटेल, आजोबांना सांभाळायला माणूस लागतो."

"आई यायची की."

"तिची गोष्ट वेगळी."

वेगळी कशी, हे विचारलं नाही. लागायचं ते लागलंच.

७ फेब्रुवारी

बाबांनी गोंदाची बाटली मागितली. अल्बमचा कोपरा सुटलाय म्हणाले. कुठला अल्बम, मी चिकटवून देते म्हटलं, तर "एवढं तरी करू दे मला." दिली.

आज पहिल्यांदा जरा खुलले. जेवताना सांगत होते की एकदा एका वर्गात मुलाने फोटोच्या ऐन क्षणी शेजारच्याला चिमटा काढला आणि तो शेजारचा फोटोत जन्माचा ओरडतोय. "तो आता वकील आहे," म्हणाले. "अजून ओरडतो." मी हसले. त्यांनी मान जरा वळवली, नजर माझ्या कानाजवळ ठेवली आणि हसू थांबेपर्यंत तशीच ठेवली. मला वाटलं, हसताना तरी माझ्याकडे बघायला काय हरकत होती.

११ फेब्रुवारी

उद्या शाळा. बाबा लवकर झोपले. मी त्यांचा शर्ट इस्त्री केला, बूट पुसले, बॅटरी भरली. कॅमेरा पाहिला तर चकतीवर, ऑटोच्या अक्षरापाशी, गोंदाचा वाळलेला थेंब. अल्बम चिकटवताना लागला असणार. नव्या वस्तूची ही दशा! प्रयोगशाळेतून आणलेलं स्पिरिट कापसावर घेऊन हळूहळू सोडवला, अक्षर जाऊ न देता. आता अगदी कोरा दिसतोय. मुख्याध्यापिकांसमोर बाबांनी कळकट कॅमेरा काढलेला मला चालला नसता.

यातलं एक तरी काम मी नीट केलं याचं समाधान आहे. उद्या नीट होऊ दे. आणखी काही मागत नाही.

१२ फेब्रुवारी

बाबा माझ्या आधी घरी आले होते. खुर्चीत, बूट न काढता.

"कसं झालं?"

"झालं."

कॅमेरा कॉम्प्युटरला लावला. फोटो एकही नाही. नुसते व्हिडिओ. चकती व्हिडिओवर राहिली होती. बटण दाबलं की चालू, दुसऱ्यांदा दाबलं की बंद.

जे पाहिलं ते लिहून ठेवते. नाही तर उद्या मी ते मनात सौम्य करून टाकीन.

पहिला. पायऱ्या तिरक्या, अर्धं आकाश, मुलांची एक ओळ कडेला कापलेली. बाबांचा आवाज मोठा, खणखणीत. "दुसरी ओळ, डावीकडून तिसरा, हनुवटी वर!"

एक मूल म्हणतं, "आजोबा, तिथे कुणीच नाहीये."

"मग त्या कुणीच नाहीने हनुवटी वर करावी." सगळा वर्ग हसतो. तेही हसतात.

दुसरा. नुसतं झाड. बाईंचा आवाज, "सर, उजवीकडे. नाही, तुमच्या उजवीकडे." कुजबुज. कुणीतरी म्हणतं, "ते झाडाचा फोटो काढतायत." या वेळचं हसणं वेगळं आहे.

तिसरा. ऊन थेट कॅमेऱ्यात. मुख्याध्यापिका अगदी जवळून, हळू विचारतात, "सर, तुम्हाला दिसतंय ना?"

मग फक्त एक पक्षी.

"दिसतंय की. सगळे छान दिसतायत. हसा."

चौथा. हा चालू आहे हे बाबांना कळलंच नसणार. जमीन, त्यांचे मी पुसलेले बूट, मग काळोख, खिशातला. कापडाची खसखस. त्या खसखशीतून मुख्याध्यापिका, जरा लांबून: "मोबाइलवर एकेक काढून घ्या पटकन. आणि पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी बघा. त्यांना कळू देऊ नका."

खिशातल्या कॅमेऱ्याला हे इतकं स्वच्छ ऐकू आलं, तर ज्याचा तो खिसा होता त्यालाही आलं असणार.

बाबा मागून म्हणाले, "आवाज येतोय. फोटोला आवाज कसा?"

मी कॉम्प्युटर बंद केला.

१३ फेब्रुवारी

आज पोट बिघडलं नाही. मी म्हटलं चला, आणि ते निघाले.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग गेलाय. डावा पूर्णच, उजवा जवळजवळ. परत येणारा नाही. "सरळ बघितलं की समोरचा माणूस नाहीसा होतो," डॉक्टर मला समजावत होते. "कडेने थोडंफार दिसतं. म्हणून अशी माणसं आपोआप बाजूला बघायला शिकतात. तुमचा चेहरा बघायचा असेल तर त्यांना तुमच्या कानाकडे बघावं लागतं."

मी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

"कधीपासून, आजोबा?" डॉक्टरांनी विचारलं.

"हिची आई होती तेव्हापासून. तिला माहीत होतं." मग जरा थांबून, "रांगा काय, शिपाईही लावतो. ती माझ्याशेजारी उभी राहून हळूच सांगायची, दुसरी ओळ, डावीकडून तिसरा. मी फक्त ओरडायचो."

१४ फेब्रुवारी

ऑफिसला गेले नाही. बाबांसमोर बसून राहिले. शेवटी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू पाठवलंच नसतंस."

हे खरं आहे.

"मोठा असता तर जमलं असतं का?"

"फोटो कसे आले असते देव जाणे. स्टँड, पायऱ्या, अंतर, सगळं ठरलेलं. बहुतेक आले असते." ते तळवे चोळत होते. "पण तो डोळ्याला लावला की माणूस बघतोच आहे असं वाटतं लोकांना. कुणी विचारत नाही, दिसतंय का म्हणून. हा हातभर लांब धरला की मागे सगळा चेहरा उघडा. तीस पोरं माझ्या चेहऱ्याकडे बघत होती गं."

दुकानात त्यांनी हेच सांगितलं होतं. मी त्याला अहंकार असं नाव दिलं आणि तक्त्यात त्याचा रकाना केला नाही.

मग म्हणाले, "तरी जमवलं होतं मी. ऑटोवर गोंदाचा थेंब लावून ठेवला होता. अंगठ्याला लागायचा. तिथे चकती फिरवून फिरवून शोधत बसलो, सापडेना. वाटेत पडला असेल. नीट लावला नसेल मी."

मला बोलता आलं असतं. एक वाक्य होतं. ऑफिसात एका थेंबाची चूक झाली तर मी अहवाल फाडून नवा लिहिते, आणि इथे मी उठून चहा टाकला.

१८ फेब्रुवारी

एसएलआर आणला. शहाणपणाचं नाही हे कळत होतं, तरी आणला. बाबांच्या हातात दिला. त्यांनी वजन घेतलं, लेन्सवरून बोट फिरवलं, झाकण काढलं, पुन्हा लावलं. डोळ्याला लावला नाही.

"चांगला आहे," म्हणाले. "परत करून ये."

"बाबा, घरातले काढा. माझे काढा."

"तू कशी दिसतेस ते आता तुला विचारून काढू का?"

ते विनोद म्हणून बोलले. आम्ही दोघंही हसलो नाही.

धाकट्याचा फोन आला. "मी म्हटलं होतं, मोठा घे." मी म्हटलं, "हो, तू म्हटलं होतंस." गोंदाचं त्यालाही सांगितलं नाही. रोज ठरवते. रोज बाबा काहीतरी चांगलं बोलतात, आणि मग ते बिघडवायचा धीर होत नाही. असं मी म्हणते. खरं म्हणजे स्वतःचा धीर होत नाही.

५ मार्च

बाबा खिडकीजवळ बसून असतात. रेडिओही लावत नाहीत. मी दाराशी आले की पूर्वी मान जराशी वळायची, नजर माझ्या बाजूला यायची. आता मला त्याचा अर्थ माहीत आहे, म्हणून मी मुद्दाम दारात रेंगाळते. पण आता मान वळत नाही.

शाळेचं पत्र आलं. आभार, इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल. मी मोठ्याने वाचून दाखवलं. "अक्षर कसं आहे?" एवढंच विचारलं. टाइप केलेलं होतं. मी म्हटलं, सुंदर आहे.

१९ मार्च

दुपारी ते म्हणाले, "तो छोटा पडून राहिला की बिघडेल. वापर तू."

"कुणाचा काढू?"

"दुसरं कोण आहे इथे?"

मी चकती ऑटोवर आणली. ते अक्षर स्वच्छ आहे, एक चराही नाही. हात लांब करून कॅमेरा धरला. पडद्यावर बाबा, मागे खिडकी. हीच वेळ होती. मी म्हटलं, "बाबा, तो गोंद..."

"जाऊ दे ना आता. हनुवटी वर आहे का माझी?"

"थोडी वर करा."

त्यांनी केली. आवाजाच्या अंदाजाने तोंड माझ्याकडे वळवलं. मी जरा बाजूला सरकले, त्यांच्या नजरेच्या कडेला यावं म्हणून. त्यांनी लगेच मान फिरवून मला पुन्हा बरोबर मधोमध घेतलं, जिथे मी नाहीशी होते.

"राहू दे," म्हणाले. "असाच काढ."

फोटो चांगला आलाय. नीट उजेड, काही हललेलं नाही. कुणीही पाहिला तर म्हणेल, किती थेट बघतायत लेकीकडे. कानाच्या बाजूला नाही, भिंतीकडे नाही. सरळ माझ्या डोळ्यांत.